नगरपरिषदेच्या बसथांब्यांवर, घंटागाड्यांवर आणि जलकुंभांवर जाहिराती देऊन उत्पन्न मिळवावे का?

प्रश्न : नगरसेविका, बीड जिल्हा

नमस्कार. मी एका क वर्ग नगरपरिषदेची सदस्य आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, व्यापारी संकुलातील गाळ्यांचे भाडे आणि आठवडी बाजाराची तहबाजारी एवढीच आमची स्वतःची कमाई आहे. बाकी सारे शासनाच्या अनुदानावर चालते. त्यातही पाणीपट्टीचा तगादा लावताना आम्हालाच संकोच वाटतो, कारण उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा नळ सोडायचा आणि वर्षाची पूर्ण पट्टी मागायची हे नागरिकांना पटत नाही, आणि त्यांचे म्हणणे चुकीचेही नाही.

आता सर्वसाधारण सभेपुढे एक विषय आला आहे. बसथांबे, दुभाजकातील पथदिव्यांचे खांब, घंटागाड्या, दोन जलकुंभ आणि नगरपरिषद शाळेची रस्त्याकडेची भिंत या सर्वांवरील जाहिरातीचे हक्क एकाच एजन्सीला दहा वर्षांसाठी द्यावेत, त्या बदल्यात एजन्सीने चार बसथांबे बांधून द्यावेत आणि दरवर्षी ठरावीक रक्कम भरावी, असा तो प्रस्ताव आहे. असे हक्क देण्याचा आम्हाला अधिकार आहे का, दहा वर्षांची मुदत योग्य आहे का, आणि चाळीस हजारांच्या आतल्या गावात जाहिरातदार तरी कोण मिळतील, हे मत देण्यापूर्वी समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : निवृत्त लेखापाल, लातूर

ताई, आधी अधिकाराबद्दल लिहितो. पूर्वी पालिका जाहिरातकर लावत असत. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील जाहिरातकराचा अधिकार देणारी ५५ वी नोंद वगळली गेली आणि १ जुलै २०१७ पासून जाहिरातींवरील कर जीएसटीत विलीन झाला. त्यामुळे ठरावात कोणतीही रक्कम कर म्हणून दाखवू नका. आपल्या मालमत्तेवर जागा दिल्याचे भाडे आणि खासगी जागेतील फलकाला परवानगी दिल्याचे शुल्क या दोन रकमा नगरपरिषदेला घेता येतात. त्यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, नाहीतर लेखापरीक्षणातील आक्षेपांना उत्तरे देता देता वर्षे जातात.

दहा वर्षांच्या मुदतीला माझा स्पष्ट विरोध आहे. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता दीर्घ मुदतीने द्यायची तर वरची मंजुरी लागते, हा एक भाग झाला. त्याहून मोठा भाग असा की, आज आपल्याकडे कोणत्या जागेला किती मोल आहे याची नोंदच नाही, आणि नोंद नसताना दहा वर्षांचा भाव बांधून देणे म्हणजे पीक पाहण्याआधीच आडत्याला रान विकण्यासारखे आहे. प्रत्येक खांबाला, थांब्याला आणि भिंतीला क्रमांक द्या, चौरस फूट मोजा, छायाचित्र लावा आणि ती नोंदवही सभेपुढे ठेवा. मग मोक्याच्या जागांचा, म्हणजे बसस्थानक, तहसील आणि मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांचा, स्वतंत्र लिलाव करा आणि आडबाजूच्या जागांचा वेगळा गट करा. सर्व जागा एकाच गठ्ठ्यात दिल्या की चांगल्या जागेचे मोल गठ्ठ्यात बुडते आणि स्थानिक लहान बोलीदार आपोआप बाहेर पडतो. मुदत तीन वर्षांपेक्षा अधिक नको, आणि दरवर्षी भाडेवाढीची अट हवीच.

थांबा बांधून देतो, जाहिरातीचा हक्क द्या, ही पद्धत नवी नाही. फ्रान्समधील लिओं शहरात १९६४ साली तिची सुरुवात झाली. तेथील करारात थांब्याची देखभालही कंपनीवरच होती, आणि आपल्याकडचे करार नेमके तेथे गप्प असतात. थांबा उभा राहतो, पहिल्या वर्षी उद्घाटनाचे फोटो निघतात, आणि पुढे आसन तुटले, दिवा गेला तरी कोणी फिरकत नाही. म्हणून आसन, दिवा आणि छत नादुरुस्त राहिल्यास दर दिवसाला किती रक्कम अनामतीतून कापली जाईल, हे करारात आकड्यानिशी लिहा.

जाहिरातदारांची चिंता मात्र करू नका. आमच्या लातुरात नीटचा निकाल लागला की गुण आणि छायाचित्रे छापलेल्या शिकवणी वर्गांच्या फलकांनी रस्ते भरून जातात, आणि त्या वर्गांत येणारी मुले आपल्यासारख्या तालुक्यांतूनच येत असल्यामुळे हे वर्ग आपल्या गावातही जागा घेतील. त्याखेरीज सराफ, दवाखाने, बियाणे व खतांचे विक्रेते, ट्रॅक्टर आणि दुचाकींची दुकाने आहेतच. पेरणीच्या आणि लग्नसराईच्या तोंडावर त्यांना फलक हवाच असतो.

उत्तर २ : फ्लेक्स छपाई व्यावसायिक, परभणी

लेखापाल सरांचे सर्व म्हणणे मान्य करून एक गोष्ट जोडतो, कारण ती आम्ही दुकानात रोज पाहतो. गिऱ्हाईक विचारते, खांबाचे भाडे कशासाठी भरायचे, शेजारच्या खांबावर वाढदिवसाचा फ्लेक्स पंधरा दिवस फुकट लटकला आहे ना? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. फुकटची जागा मिळत असेपर्यंत विकतची जागा कोणी घेत नाही, आणि वाढदिवस, नियुक्ती, पुण्यतिथी यांचे बहुतेक फलक ज्यांच्या नावाने लागतात त्यांच्यातीलच काही जण सभागृहात बसलेले असतात. कायदा नाही असे नाही. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियमात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि ३१ जानेवारी २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांबाबत सर्व पालिकांना सविस्तर निर्देशही दिले आहेत. ताई, सभेत एजन्सीचा विषय येण्यापूर्वी हा विषय घ्या: फलकावर परवानगीचा क्रमांक, मुदत आणि छापणाऱ्याचे नाव नसेल तर तो त्याच दिवशी उतरेल, मग तो कोणाचाही असो. आमच्या धंद्याला सुरुवातीला फटका बसेल, हे मी जाणून लिहीत आहे. पण परवानगीचे काम नियमाने चालले तर नंतर उधारी बुडवणारी गिऱ्हाईके कमी होतील आणि नगरपरिषदेलाही चार पैसे मिळतील.

उत्तर ३ : स्थापत्य अभियंता, नांदेड

उत्पन्नाच्या चर्चेत वाऱ्याचा हिशेब राहून जातो, म्हणून लिहीत आहे. बांधकामावरील वाऱ्याच्या भाराचे नियम देणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात आपल्या जवळच्या छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, धरला आहे. या वेगाने प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९३ किलो दाब येतो. ४० बाय २० फुटांचा फलक सुमारे ७४ चौरस मीटरचा असतो. त्यावर इतर गुणक लावण्याआधीच जवळजवळ सात टनांचा आडवा रेटा बसतो. वैशाखातल्या वादळात हा भार पायाने आणि बोल्टांनी पेलायचा असतो.

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला सुमारे १२० बाय १२० फुटांचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती, पण जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यात असल्यामुळे परवानगी कोणाची हाच वाद चालू राहिला. त्याआधी ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात चार आणि १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे पाच जीव फलक कोसळून गेले होते. आपल्या गावातही बसस्थानकाची जागा एसटीची, राज्यमार्गाची कडा सार्वजनिक बांधकाम विभागाची आणि दुभाजक नगरपरिषदेचा अशी वाटणी असू शकते. ज्या जागेची मालकी कागदावर आपली नाही ती यादीतून आधीच वगळा.

जलकुंभाबद्दल आग्रहाने सांगतो. त्यावर लोखंडी सांगाडा बांधू देऊ नका. टाकी आणि तिचे खांब पाण्याच्या भारासाठी, स्वतःवर येणाऱ्या वाऱ्यासाठी आणि भूकंपासाठी आखलेले असतात. त्यावर पडदा ताणला की वारा अडवणारे क्षेत्र वाढते आणि बोल्टांच्या भोकांतून सळईला गंज धरतो. जाहिरात द्यायचीच असेल तर ती रंगवून द्या, आणि रंगवण्याआधी गिलाव्याची दुरुस्ती एजन्सीकडून करून घ्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. जलकुंभाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. शाळेच्या भिंतीबद्दल मात्र मन तयार होत नाही. त्या भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रे आहेत, आणि एजन्सीने दाखवलेल्या नमुन्यांत एका पानमसाल्याची जाहिरात आहे. आम्हाला मजकूर नाकारता येतो का?

उत्तर : निवृत्त लेखापाल, लातूर

नाकारता येतो, आणि तसे कलम करारातच असले पाहिजे. तंबाखूजन्य पदार्थांची थेट किंवा आडमार्गाने केलेली जाहिरात २००३ च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीलाही बंदी आहे, आणि राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. पानमसाल्याच्या नावाआडून तंबाखूच्या उत्पादनाचेच चिन्ह झळकत असेल तर मालक या नात्याने नगरपरिषदेने ते स्वीकारण्याचे कारण नाही.

शाळेची भिंत यादीतून काढा. तिचे भाडे एकूण रकमेत फारसे नसणार. घंटागाड्यांपासून सुरुवात करा. त्या रोज प्रत्येक गल्लीत जातात, त्यांच्या मालकीचा वाद नाही, वाऱ्याचा धोका नाही, आणि पत्र्यावरचा मजकूर सहज बदलता येतो. सभेत उपसूचना मांडताना मुदत तीन वर्षे, जागानिहाय लिलाव, फलकाचा सांगाडा भक्कम असल्याचे अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र, एजन्सीच्या खर्चाने अपघात विमा आणि मजकूर नाकारण्याचा अधिकार हे मुद्दे लेखी द्या आणि इतिवृत्तात त्यांची नोंद घ्यायला लावा. जमा होणारी रक्कम पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या शीर्षाखाली ठेवावी, अशी ओळही त्यात घाला. पाणीपट्टी मागायला दारात गेल्यावर त्या शीर्षातून कोणत्या गल्लीतील नळजोडण्या बदलल्या, हे आपल्याला सांगता येईल.