तमाशातल्या तृतीयपंथी कलावंतांच्या आठवणी रेकॉर्ड कराव्यात का?

बोरीकाठ: अमळनेरजवळ एक मावशी राहतात, उमेदीची सगळी वर्षं तमाशात नाचल्या. गेल्या महिन्यात फोन पिठाच्या डब्याला टेकवून दोन तास त्यांना ऐकलं. चाळ बांधण्याआधी घोट्याला फडकं कसं गुंडाळायचं, नाहीतर कातडी कशी सोलते, हे त्यांनी करून दाखवलं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी उतरवून ठेवली म्हणून 1952 साली पुस्तक निघालं. मावशींना घरच्यांनीच बाहेर काढलेलं, उतरवून घेणार कोण? जळगावच्या विद्यापीठाने हे हाती घ्यावं. नाव तरी बहिणाबाईंचंच आहे.

कपाशीवाला: भाऊ, जरा दमानं. आपल्याकडे तमाशात बाईचं काम पुरुषच करायचे. माझे आजोबाही करायचे. घरी बायको, चार पोरं, बैलजोडी. जन्मभर ‘नाच्या’ ऐकून घेतलं, आता मेल्यावर तुम्ही तृतीयपंथी म्हणणार?

बोरीकाठ: नाही म्हणणार. ज्याचं त्यानेच सांगायचं. तृतीयपंथींच्या हक्कांबद्दलच्या 2014 च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टानेही ओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिलाय.

डेऱ्यातली: कोर्टाचं ऱ्हाऊ द्या. मी तृतीयपंथी आहे, माझ्या गुरूंकडे असाच एक पोरगा आला होता. चहा घेतला, रेकॉर्डिंग केलं. आठ दिवसांत क्लिप यूट्यूबवर, जन्माच्या नावासकट! गुरू एवढंच बोलल्या, “मन्ही कहानी लिखीसनी माले काय भेटी?” कर्नाटकातल्या तृतीयपंथी लोककलावंत मंजम्मा जोगतींना 2021 ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांनी फोटो शेअर केले. इथे चहाची पत्तीसुद्धा आमचीच.

केळीबाग: पण ताई, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला 2021 मध्येच तृतीयपंथी उमेदवार ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. आता लपवायचं काय?

डेऱ्यातली: त्या स्वतः उभ्या राहिल्या. गुरूंना कुणी विचारलं होतं? आधी मानधन ठरवा. रेकॉर्डिंग त्यांना परत ऐकवा, नको म्हणतील तेवढं पुसा. काही भाग त्या असेपर्यंत कुलपात ठेवा.

कपाशीवाला: कुलपातच ठेवायचं तर रेकॉर्ड कशाला करायचं?

डेऱ्यातली: तुमच्या आजोबांचे चाळ कुठायत, भाऊ? पेटीतच असतील ना?

कपाशीवाला: आजीने विहिरीत टाकले. ते गेले त्याच रात्री.

बोरीकाठ: आजी आहेत अजून?

कपाशीवाला: आहे. ऐकू कमी येतं.