महापालिकेनं नळ्या टाकाव्यात, इंटरनेट विकू नये

कोल्हापूर महापालिकेनं स्वतःच शहराला इंटरनेट द्यावं का, या चर्चेत "ज्यांना नळाला वेळेवर पाणी देता येत नाही ते इंटरनेट काय देणार?" हा टोमणा कुणीतरी मारलाय, तो पटतो. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी शहरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली, हे आपण बघितलंय. पण महापालिकेच्या इंटरनेटसाठी अमेरिकेतल्या चॅटनूगा शहराचं जे उदाहरण दिलं जातंय, तिथं वीज कंपनीच शहराच्या मालकीची आहे. खांब त्यांचे, ग्राहक त्यांचे, शिवाय तिथल्या केंद्र सरकारचं घसघशीत अनुदान. म्हणून २०१० मध्ये त्यांनी शहरभर गिगाबिट वेगाचं इंटरनेट दिलं. आपल्याकडं खांब महावितरणचे.

मला स्टॉकहोमचा मार्ग जास्त जवळचा वाटतो. १९९४ पासून तिथल्या शहराच्या कंपनीनं जमिनीखाली नुसती फायबर, म्हणजे इंटरनेटची केबल, टाकली आणि ती सगळ्या कंपन्यांना भाड्यानं दिली. बिल, तक्रारी, कॉल सेंटर हा व्याप कंपन्यांचा. आपल्याकडं ड्रेनेजसाठी रस्ता उकरतातच, तेव्हाच फायबरसाठी दोन रिकाम्या नळ्या पुरल्या तर तोच रस्ता दरवेळी नव्यानं फोडायला नको.

आणि चालवायचंच असेल तर सहकारी संस्थेनं का नाही? १९९८ मध्ये वारणानगरला साखर कारखान्याभोवतीच्या सत्तरेक गावांत संगणक केंद्रं जोडायचा प्रयोग झाला होता. पुढं संगणक जुने झाले, देखभाल परवडेना. तेव्हा उद्घाटनाच्या खर्चाआधी दहा वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला काढा.

हो, आणि मुख्य यंत्रणा शाहूपुरीत तळमजल्यावर ठेवू नका म्हणजे झालं. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापूर लक्षात आहेत ना?