जाड गोलाकार अक्षर आणि दुकानाची पाटी
जाड, गोलाकार अक्षर बालवाडीच्या फलकाखेरीज कुठे शोभत नाही, हे आपले मत मला अर्धेच पटते. ‘एक टाइप’ या अक्षररचना करणाऱ्या संस्थेने घडवलेल्या ‘बालू’ या टंकात (फॉन्टमध्ये) रेघांची टोके गोलसर असल्यामुळे एवढी जाडी असूनही अक्षर अंगावर येत नाही, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीत, ‘बालू २’मध्ये, पाच वजने (जाडीच्या पायऱ्या) असल्याने नावाखालची बारीक ओळही त्याच कुळात बसते. ठाण्यात नौपाड्यातल्या एका फरसाणवाल्यांची पाटी मी त्यात जुळवली, तेव्हा नाव रस्त्यापलीकडूनही वाचता येत होते. दरपत्रकात मात्र ‘मिष्टान्न’मधल्या ‘ष्टा’ची पोकळी शाईने बुजली आणि ‘शंकरपाळी’चा अनुस्वार शिरोरेषेला चिकटला, दोष अर्थात माझा, कारण सर्वांत जाड वजन मी आठ पॉइंटवर, म्हणजे फार लहान आकारात, वापरले होते.