शिवणकामासाठी मागच्या अंगणात शेड: लाकडी घेऊ की प्लॅस्टिकची?

रीळबॉबिन
मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही मध्य न्यूजर्सीत असतो. मुलं आपापल्या मार्गाला लागली, त्यामुळे चार बेडरूमचं घर विकून दोन बेडरूमचं एकमजली घेतोय, जिने चढायचा दोघांनाही कंटाळा आलाय. घर छान आहे पण बेसमेंट नाही आणि माझा शिवणाचा सगळा पसारा आत्ता बेसमेंटमध्येच आहे. दोन मशिनी, ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधायची मशीन), कटिंगचं टेबल, आणि कापडाचं तर विचारूच नका, क्विल्टिंगच्या कॉटनचे डबे पार छतापर्यंत गेलेत, शिवाय आईच्या आणि सासूबाईंच्या जुन्या साड्या गोधड्यांसाठी ठेवल्यात, खणाचे तुकडे, दोन पैठण्या.

नवीन घरामागे अंगण बऱ्यापैकी आहे, तर तिथे शेड टाकून तिथेच शिवायचं आणि कापडही तिथेच ठेवायचं असं मनात आहे. नवरा म्हणतो प्लॅस्टिकची रेडिमेड आणू, विषय संपला. मला लाकडी १०×१६ ची आवडलीय. थंडीत बसता येतं का अशा शेडमध्ये? आणि कापड नीट राहतं का?

खटपट्या
ताई, शेड बघायच्या आधी दोन कागद बघा. एक म्हणजे एचओए (घरमालकांची सोसायटी) आहे का, असेल तर शेडला परवानगी देतात का (५५ प्लस, म्हणजे पंचावन्नच्या पुढच्यांच्या कम्युनिटीत बऱ्याचदा नाहीच म्हणतात). दुसरं टाउनशिपचं, म्हणजे गावच्या पालिकेचं झोनिंग, कुठे काय बांधता येतं त्याचे नियम. न्यूजर्सीत २०० स्क्वेअर फुटांपर्यंत आणि १० फूट उंचीपर्यंतच्या साध्या शेडला बांधकामाचं परमिट लागत नाही, तुमची १६० होतेय म्हणजे त्यात बसते, पण कुंपणापासून किती लांब ठेवायची हे गावागावाचं वेगळं असतं आणि वीज घेतली की तिचं परमिट वेगळं.

आणि वीज तुम्हाला लागणारच. लोक इथेच फसतात, घरातून एक एक्स्टेंशन ओढली की झालं असं वाटतं. इस्त्री १५०० वॉट, छोटा हीटर १५०० वॉट, दोन्ही एकदम लावले की ३००० झाले, आणि २० अँपिअरची एक लाइन १२० व्होल्टवर फार तर २४०० देते. म्हणजे जानेवारीत इस्त्री गरम करायची तर हीटर बंद करून कुडकुडत बसा. इलेक्ट्रिशियनकडून शेडमध्ये छोटं सबपॅनल (घरच्या मेन बोर्डवरून वेगळी वीज घेणारा छोटा बोर्ड) बसवून घ्या, जमिनीखालून केबल टाकायला चर खणावा लागतो, खर्च होतो, पण पुढे मिनी-स्प्लिट (गरम-गार दोन्ही करणारा भिंतीवरचा एसी) लावायचा झाला तरी तेच सबपॅनल कामाला येईल. प्रोपेनचा हीटर मात्र अजिबात नको, जळताना वाफ सोडतो ती कापडात जाते आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका तो वेगळाच.

उसवण
मी पेनसिल्व्हेनियात लाकडी शेडमध्येच शिवते, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितेय.

प्लॅस्टिकची घेऊ नका. कुदळ-फावडी ठेवायला ठीक आहे. एकेरी भिंत, इन्शुलेशन घालायला जागा नाही, शेल्फ ठोकायला आधार नाही, आणि थंड रात्रीनंतर ऊन आलं की छताला आतून घाम सुटतो. पत्र्याचीही तीच गत. लाकडी घ्या. इकडे लँकेस्टरच्या आसपास आमिश लोक (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती समाज) बनवतात त्या चांगल्या असतात, तयार शेड ट्रकवरून आणून ठेवतात, पण त्याआधी फाटकाची रुंदी मोजा! दहा फूट रुंद शेड आत न्यायला बारा फूट तरी मोकळी वाट लागते, वर झाडाच्या फांद्या आणि तारा पण बघायच्या.

खाली खडीचा चार इंचाचा थर करून घ्या, शेडपेक्षा चहूबाजूंनी फूटभर जास्त. थेट मातीवर ठेवलीत तर ओल जमिनीतूनच वर चढते. भिंती, छत आणि जमीन तिन्हीकडे इन्शुलेशन. जमीन लोक विसरतात आणि मग पाय गारठतात. आणि फ्लोअर जरा दणकट सांगा, तीन वार सुती कापड म्हणजे साधारण एक पाउंड, तुमचे छतापर्यंतचे डबे एका भिंतीला लावले की वजन किती होईल हिशेब करा.

आता खरं सांगू का, शिवायला शेड, पण कापड सगळं तिथे नको. चालू कामाचं कापड, अस्तरं, दोरे, झिपा शेडमध्ये. पैठण्या आणि आईच्या साड्या घरात, बेडरूमच्या कपाटात, बाहेरची भिंत सोडून आतल्या भिंतीला. शेड तुम्ही रोज चोवीस तास गरम ठेवणार नाही, म्हणजे दिवसा उबदार रात्री गार, आणि रेशीम-जरीला हे वरखाली होणं मानवत नाही. कॉम्प्युटराइज्ड मशीन असेल तर तीही कडाक्याच्या थंडीत घरात आणा.

दापोलीकर
अमेरिकेतल्या शेडचं मला काही कळत नाही पण ओलीचं कळतं, आमच्याकडे जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपलेवर पण बुरशी येते 😀

प्लॅस्टिकच्या डब्यात कापड गच्च कोंबून झाकण लावलं की आतली ओल आतच राहते आणि कुबट वास धरतो. भरायच्या आधी कडक उन्हात नाही पण वाऱ्यावर चांगलं सुकवा. जरीच्या साड्या जुन्या धुतलेल्या मलमलच्या कापडात बासन करून ठेवा, लाकडी फळीला थेट टेकू देऊ नका, लाकडातल्या आम्लाने डाग पडतात. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. आणि वर्षातून एकदोनदा घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर त्याच रेषेवर साडी फाटते. कसर लागते ती खळ असलेल्या कापडाला आधी, म्हणून खळीचं काही ठेवू नका, धुऊन ठेवा.

शेडमध्ये एक आर्द्रता दाखवणारा साधा मीटर लावा, तुमच्याकडे दहाएक डॉलरला मिळेल. ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर निर्धास्त, ६५ च्या वर राहायला लागला की डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र).

चिंधीचोर
मी वाईट बोलणार आहे. घर छोटं करताय आणि अंगणात नवी खोली बांधताय, याला छोटं करणं म्हणतात का? आधी डबे उघडा. क्विल्टचं कॉटन तुमच्या गावच्या क्विल्ट गिल्डला (क्विल्ट करणाऱ्यांच्या मंडळाला) द्या, हॉस्पिटलसाठी क्विल्ट करणारे गट आनंदाने नेतात. जे कापड हातात घेतल्यावर यातून काय शिवायचं ते आठवत नाही ते द्या. उरेल त्यावरून शेड ठरवा, १०×१२ पण पुरेल कदाचित.

रीळबॉबिन
चिंधीचोर, कॉटन देईन, साड्यांना हात लावू देणार नाही 😄 एचओए नाहीये, ते घर घेतानाच बघितलं होतं. उसवण, साड्या घरात हे पटलं. पण १०×१२ मध्ये कटिंग टेबल कसं बसेल, माझं ८ फुटी आहे?

उसवण
८ फुटी भिंतीलाच लागेल आणि मग चारी बाजूंनी फिरता येणार नाही, ते विका. घडीचं घ्या, उंची ३६ इंच, म्हणजे वाकून पाठ दुखत नाही, आणि काम नसलं की बंद. मशीनचं टेबल खिडकीपाशी पण खिडकी उत्तरेची बघा, दक्षिणेच्या उन्हाने शेल्फवरचं कापड दुमडीच्या रेषेवर फिकं पडतं. शेल्फांना पडदे लावाच. आणि शेडवाल्याला सांगा दुहेरी दार पाहिजे, मोठी टेबलं आत न्यायला सोपं जातं.