मदत हवी आहे : मुलं डोंगर-झोपडीच्या बाहेर येत नाहीत

गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यात जि. प. शाळेवर आहे. कलाशिक्षक नाही, तिसरी-चौथीची चित्रकला मीच घेतो. 'मनानं काढा' म्हटलं की सगळ्यांच्या वहीत तेच : दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नारळ. (इथं नारळ कुणाच्या दारात आहे?) फळ्यावर काढून दाखवणं बंद केलं, तर शेजारच्याचं बघून काढतात. गोष्ट सांगून काढायला लावलं, तरी तेच. तान्ह्या पोळ्याआधी (मुलांचा, नंदीबैलांचा पोळा) बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, माती आणली तेव्हा मात्र प्रत्येकाचा नंदी वेगळा निघाला, एकाचा तर शेपटी उडवून पळणारा! कागद हातात येताच पुन्हा डोंगर. रंगांना पैसे नाहीत; गेरू, चुना, कोळसा मिळतो. रेंज नाही, म्हणून व्हिडिओ सुचवू नका. मातीतली मोकळीक कागदावर यावी म्हणून पहिल्या तासाला नेमकं काय करून घेऊ, आणि त्या वेळी मी काय बोलायचं टाळू?