प्रतिसाद: रोग होऊच नये म्हणून झटणारे

देणगी कुठल्या संस्थांना द्यावी याची जी यादी दिली आहे, तिच्यात बहुतेक संस्था उपचार किंवा शिक्षणाचं काम करणाऱ्या आहेत. रोग मुळात होऊच नये म्हणून झटणाऱ्यांपैकी कार्टर सेंटरचं नाव मी सुचवेन. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्थापन केलेली ही संस्था नारू (पिण्याच्या पाण्यातून शरीरात शिरणारा जंत) संपवण्याच्या मोहिमेत पुढे आहे. १९८६ च्या सुमारास नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२३ मध्ये फक्त १४! लस नाही, औषध नाही. पाणी कापडाने गाळायचं आणि नारूची जखम असलेल्याला तळ्यात उतरू द्यायचं नाही, मुख्यतः एवढ्यावर गावोगावच्या स्वयंसेवकांनी ही मजल मारली. (कुत्र्यांनाही नारू होतो, म्हणून शेवटचा टप्पा रेंगाळलाय.) अशा कामात फोटो काढण्यासारखं फारसं नसतं, देणगीदारांचं लक्ष जात नाही ते त्यामुळेच असावं.

आणि संस्था कुठलीही असो, जमल्यास देणगीला ‘अमुकच कामासाठी वापरा’ अशी अट घालू नका. कार्यकर्त्यांचे पगार, प्रवासखर्च अशाच पैशातून निघतात.