कच्च्या अंड्यानं काम होणार नाही

वहिनी, मांजरीला रोज कच्चं अंडं घातलं की तुमच्या शिंका थांबतील, असं कुणी सुचवलंय, ते विसरा. ॲलर्जी केसांची नसते. मुख्य दोषी लाळेतलं ‘फेल डी 1’ प्रथिन. अंग चाटताना ते केसांवर पसरतं. त्याला निकामी करणारी प्रतिपिंडं खास कोंबड्यांच्या अंड्यांतून मिळवून मांजरांच्या तयार कोरड्या खाद्याच्या दाण्यांवर चढवतात. दाणे चावताना ती लाळेतच प्रथिनाला चिकटतात. रोज दिल्यास तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी 47 टक्के घटतं, शून्य नाही. जुनं खाणं 7 दिवसांत हळूहळू बंद करा. गरम दूधभातात दाणे कालवलेत तर उष्णतेनं प्रतिपिंडं बिघडू शकतात, मग पैसे पाण्यात! (दूध तसंही बऱ्याच मांजरांना पचत नाही.) बडोद्याच्या उन्हाळ्यात एसीसाठी बंद ठेवलेल्या झोपायच्या खोलीत मात्र तिला घेऊच नका.